कापसाच्या शेतांतील गायक : मडी वॉटर्स

लोकगीत म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांसमोर एखादें खेडें उभें राहतें. तें गीत जुनें असावें, त्यास साधेंसें वाद्य असावें, आणि शहराचा वारा त्याला लागलेला नसावा, अशी आपली समजूत असते. परंतु गीत हें कांहीं संग्रहालयाच्या कपाटांत ठेवलेलें जुनें भांडें नव्हे. तें गाणारा मनुष्य पोटासाठीं गांव सोडून निघाला, तर तेंहि त्याच्याबरोबर निघतें. तो यंत्रांच्या गोंगाटांत राहूं लागला, तर त्याच्या गाण्यालाहि आपला आवाज चढवावा लागतो. ही गोष्ट अमेरिकेंतील एका गायकाच्या चरित्रांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती क्वचितच दुसरीकडे दिसेल. त्यांचें नांव मडी वॉटर्स. १९६० सालच्या जुलै महिन्यांत, न्यूपोर्ट येथील संगीतमहोत्सव मोडण्याच्या बेतांत असतां, त्यांनीं तेथें केलेलें गायन ध्वनिमुद्रित झालें, आणि तें आजहि जगभर ऐकलें जातें. त्या दुपारपर्यंत ते कसे पोंचले, व तेथें त्यांनीं काय मिळविलें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसिसिपी या संस्थानांत, त्याच नांवाच्या महानदीच्या कांठीं, काळ्याभोर गाळाच्या जमिनीचा एक सपाट प्रदेश पसरलेला आहे. त्यास तेथील लोक डेल्टा म्हणतात. तेथें कापूस उदंड पिकतो. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली. परंतु ज्यांचे आजे-पणजे या जमिनीवर गुलाम म्हणून राबले, ते आफ्रिकी वंशाचे शेतकरी पुढेंहि तेथेंच अर्धेलीनें जमीन कसत राहिले. बियाणें, अवजारें व धान्य मळेवाल्याकडून उधार घ्यावयाचें, वर्षअखेर अर्धा कापूस त्यास घालावयाचा, आणि उरलेल्या अर्ध्यांतून उधारी वळती झाल्यावर हातीं कांहीं राहिलें तर राहिलें, असा तो क्रम होता. हिशेबाची वही मळेवाल्याच्या हातांत, आणि ती वही वाचावयास शिकविणारी शाळा मात्र वर्षांतून थोडेच महिने उघडी! गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, पाणी पिण्याची जागाहि वेगळी. अशा त्या समाजांत माणसाला मोकळेपणानें आपलें म्हणतां येईल असें फारच थोडें उरलें होतें. त्यांपैकीं एक गाणें होय.

याच प्रदेशांतील इसाक्वीना परगण्यांत ४ एप्रिल १९१३ रोजीं मॅकिन्ली मॉर्गनफील्ड या मुलाचा जन्म झाला. पुढें तो स्वतः १९१५ हें साल सांगत असे. परंतु चरित्रकारांनीं जुन्या कागदपत्रांवरून १९१३ हेंच साल खरें धरलें आहे. मुलगा अगदीं लहान असतांनाच त्याची आई वारली, आणि त्याच्या संगोपनाचा भार डेला ग्रँट या त्याच्या आजीवर पडला. आजी त्यास घेऊन क्लार्क्सडेल गांवाजवळील स्टोव्हल यांच्या मळ्यावर राहावयास गेली. घराजवळच्या ओढ्याच्या चिखलांत तो सदा खेळे, म्हणून आजीनें त्याचें नांव मडी, म्हणजे चिखलानें माखलेला, असें ठेविलें. सवंगड्यांनीं त्यापुढें वॉटर, म्हणजे पाणी, हा शब्द जोडला. अशा रीतीनें गढूळ पाणी या अर्थाचें जें थट्टेचें नांव पडलें, तेंच पुढें खऱ्या नांवाहून मोठें झालें.

शाळा त्याच्या वांट्यास फार थोडी आली. हातांत धरण्याइतका जोर येतांच खांद्यावर पिशवी अडकवून तो कापूस वेंचावयास जाऊं लागला. रविवारीं आजीबरोबर तो देवळांत जाई व तेथील भजनमंडळींत गाई. तेथील उपासनेंत स्वर लांबवून, कांपवून, हुंदक्याप्रमाणें सोडण्याची जी रीत होती, ती त्यानें तेथेंच आत्मसात् केली. आजी मोठी धर्मनिष्ठ होती. नातवानें शेतांतलें व गुत्त्यांतलें गाणें गावें, हें तिला मुळींच रुचत नसे. तें सैतानाचें गाणें, असें तिला वाटे. परंतु ज्या कंठांत रविवारचें स्तोत्र बसलें होतें, त्याच कंठांत शनिवार रात्रीचें गाणेंहि बसत चाललें होतें. प्रथम तो तोंडानें वाजवावयाची हार्मोनिका शिकला. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें घरांतील शेवटचा घोडा सुमारें पंधरा डॉलरांस विकला. निम्मे पैसे आजीच्या हातांवर ठेविले, आणि आपल्या वांट्याच्या साडेसात डॉलरांपैकीं सुमारें अडीच डॉलर खर्चून त्यानें एक गिटार घेतली. शेतकऱ्याच्या घरांतून घोडा जातो आणि त्याच्या जागीं एक पोकळ लाकडी वाद्य येतें, हा व्यवहार कोणाही शहाण्या माणसास वेडेपणाचाच वाटला असता!

ज्या गायनास ब्लूज असें म्हणतात, त्याविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्लू म्हणजे निळा. परंतु इंग्रजींत त्या शब्दास उदासपणाचाहि अर्थ आहे. या गीताचें कडवें बहुधा तीन ओळींचें असतें. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिचें उत्तर द्यावयाचें. ओळ संपली कीं वाद्य तिला जाब देतें. म्हणून एकटा गायक गात असला तरी दोघांचा संवाद चालल्याचा भास होतो. डेल्टांतील वादक बाटलीचा गळा कापून ती कांचेची नळी बोटांत घालीत, आणि ती तारांवर घसरवीत. त्यायोगें स्वर पायरीपायरीनें न चढतां मींडेसारखा वाहत जाई, व तार माणसाप्रमाणें कण्हत आहे असें वाटे. सन हाउस हे या पद्धतीचे मोठे वादक होते. त्यांचें वादन जेथें असेल तेथें मडीनें जावें, रात्र-रात्र त्यांच्या बोटांवर नजर ठेवावी, आणि घरीं येऊन तेंच घोटावें. त्याच प्रांतांतील रॉबर्ट जॉन्सन यांच्या तबकड्यांचाहि त्याच्यावर खोल परिणाम झाला.

पुढें मडी वॉटर्स हें नांव त्या पंचक्रोशींत सर्वांच्या तोंडीं झालें. दिवसा ते स्टोव्हलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत. शनिवारीं रात्रीं त्यांच्याच लांकडी घरांत शेजारपाजारचे लोक जमत, आणि तेथें गाणें, नाच, जुगार व चोरटी दारू असा सगळाच प्रकार चाले. चरित्रलेखकानें हा भाग झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. ज्यांना नाटकगृह नाहीं, वाचनालय नाहीं, आणि शहरांतील उपाहारगृहांत ज्यांना दारांतूनच परत पाठवीत, त्यांची करमणूक अशाच एका खोलींत कोंडलेली होती. आणि त्या खोलींत एक खरा कलावंत तयार होत होता, हें कोणाच्या ध्यानांतहि नव्हतें.

तें प्रथम ध्यानांत आलें तें १९४१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत. वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयासाठीं लोकगीतें गोळा करणारे ॲलन लोमॅक्स, आणि फिस्क विश्वविद्यालयाचे प्राध्यापक, स्वतः कृष्णवर्णीय असलेले जॉन वर्क, हे दोघे त्या प्रांतांत हिंडत होते. त्यांच्या गाडींत तबकडी कोरणारें एक अवजड यंत्र होतें. त्यांना रॉबर्ट जॉन्सनसारखा गायक हवा होता. परंतु जॉन्सन १९३८ सालींच वारले होते. लोकांनीं मडी वॉटर्स यांचें घर दाखविलें. गोरा मनुष्य आपला शोध करीत आला आहे, हें कळतांच मडी यांना वाटलें कीं, हा चोरट्या दारूचा तपास करणारा सरकारी अंमलदारच असावा! पण तो पाहुणा त्यांच्याच भांड्यांतून पाणी प्याला. जेथें कोणीहि गोरा असें करीत नसे, तेथें ही लहानशी गोष्ट मोठीच होती. ती मडी वॉटर्स अखेरपर्यंत विसरले नाहींत. त्यांनीं गिटार उचलली व ते गाऊं लागले. गाणें संपल्यावर लोमॅक्स यांनीं तीच तबकडी फिरवून त्यांना ऐकविली. आरशांत कधीं न पाहिलेल्या माणसास एकाएकीं आपला चेहरा दिसावा, तसें त्यांना झालें. बाजारांत विकत मिळणाऱ्या तबकड्यांतील गायकांहून आपण कमी नाहीं, ही जाणीव त्या क्षणीं त्यांच्या मनांत उत्पन्न झाली. पुढें ग्रंथालयाकडून दोन तबकड्या व वीस डॉलरांची हुंडी आली. आपला उत्तम पोषाख करून ते छायाचित्रकाराकडे गेले, आणि ती तबकडी हातांत धरून त्यांनीं आपलें छायाचित्र काढून घेतलें.

विद्यावंतांच्या दृष्टीनें तें काम तेथें पुरें झालें. एका अज्ञात शेतमजुराचें गीत नष्ट होण्यापूर्वीं जतन करून ठेविलें गेलें होतें. परंतु तो शेतमजूर नष्ट व्हावयास तयार नव्हता! १९४३ सालीं त्यांनीं मळ्यावरील मुकादमाकडे आपली मजुरी तासास साडेबावीस सेंटांवरून पंचवीस सेंट करावी, अशी मागणी केली. मुकादमानें ती धुडकावून लाविली. लौकरच एका दिवशीं मडी यांनीं आपली गिटार व थोडे कपडे घेतले, आणि क्लार्क्सडेल येथें उत्तरेकडील आगगाडी गांठली. अडीच सेंटांवरून मळेवाल्यानें एक ट्रॅक्टर-चालक गमावला. शिकागो शहरानें काय मिळविलें, तें पुढें कळलें.

हा प्रवास कांहीं त्यांनीं एकट्यानेंच केला नाहीं. १९१० ते १९७० या साठ वर्षांत दक्षिणेंतील सुमारें साठ लक्ष कृष्णवर्णीय लोक शेती व अपमान मागें टाकून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेले. शिकागोमध्यें पोलादाचे कारखाने होते, मोठमोठे कत्तलखाने होते, आणि युद्धामुळें कामगारांची मागणी होती. मडी वॉटर्स यांना तेथें कागदाच्या कारखान्यांत काम मिळालें. पुढें ते मालाची मोटार हांकूं लागले. रात्रीं ते लोकांच्या बिऱ्हाडीं व लहानसहान मद्यगृहांत गात. तेथें मिसिसिपीचेच लोक भेटत, तेंच गाणें मागत. पण एक अडचण उभी राहिली. गांवच्या ओसरीवर जी गिटार अर्ध्या मैलावर ऐकूं येई, ती शिकागोच्या भरल्या खोलींत दोन हातांवरहि ऐकूं येईना. पेल्यांचा खणखणाट, गप्पांचा कल्लोळ व रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा खडखडाट, यांत ती बुडून जाई. तेव्हां त्यांनीं विजेवर चालणारी गिटार घेतली.

या वाद्याची रचना विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचीं वेटोळीं असतात. वरील तार छेडली म्हणजे ती चुंबकाच्या क्षेत्रांत कांपते, आणि वेटोळ्यांत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक यंत्र तो प्रवाह कित्येक पटींनीं वाढवून कर्ण्याकडे पाठवितें. परंतु यंत्र केवळ आवाज मोठा करीत नाहीं, तर तो पालटतेंहि. स्वर अधिक काळ टिकतो, त्याची धार वाढते, आणि यंत्राच्या शक्तीबाहेर तो ताणला गेला म्हणजे त्यास एक प्रकारचा खरखरीतपणा येतो. मडी वॉटर्स यांनीं तो खरखरीतपणा दोष म्हणून टाळला नाहीं. कांचेच्या नळीनें कण्हणारी जुनी तार त्यांनीं विजेच्या साहाय्यानें गर्जावयास लाविली.

१९४८ सालीं, पोलंडमधून आलेले लेनर्ड व फिलिप चेस या ज्यू बंधूंपैकीं लेनर्ड हे ज्या कंपनींत होते, तिच्यासाठीं त्यांनीं दोन गीतें गाइलीं. आश्चर्याची गोष्ट ही कीं, सात वर्षांपूर्वीं लोमॅक्स यांच्या यंत्रासमोर आपल्या घरांत बसून त्यांनीं जीं गीतें गाइलीं होतीं, त्यांचेंच हें नवें रूप होतें. ज्यांस ग्रंथालयानें खेड्यांतील लोकगीत म्हणून संग्रहीं ठेविलें, तींच आतां विजेच्या गिटारीवर शहरांत विकावयास आलीं. तबकडीचा पहिला सांठा एका दिवसाच्या आंत संपला. लोकांनीं इतकी झुंबड केली कीं, दुकानदारांनीं एकास एकच तबकडी देण्याचा नियम केला, आणि स्वतः गायकाला आपली तबकडी हवी तितकी मिळेना! त्या गर्दींतील बहुतेक लोक दक्षिणेंतून आलेलेच होते. कारखान्यांत दिवसभर राबलेल्या त्या माणसांना, सोडलेल्या गांवाचें गाणें सांपडलें. परंतु तें गाणें आतां त्यांच्याप्रमाणेंच शहरांत राहत होतें.

पुढील दहा वर्षें त्यांच्या उत्कर्षाचीं होत. चेस बंधूंची कंपनी १९५० सालीं त्यांच्या स्वतःच्या नांवानें चालूं लागली, आणि मडी वॉटर्स हे तिचे आधारस्तंभ झाले. त्यांनीं आपल्याभोंवतीं गुणी वादकांचें एक पथक जमविलें. लिटल वॉल्टर हे हार्मोनिका ध्वनिवर्धकाला जोडून वाजवीत. जिमी रॉजर्स दुसरी गिटार वाजवीत. ओटिस स्पॅन यांचा पियानोवर हात होता. विली डिक्सन हे त्यांच्यासाठीं गीतें रचीत. मडी यांचा एक मोठा गुण असा कीं, आपल्या पथकांतील माणूस तयार होऊन स्वतंत्र निघाला तर त्यांनीं त्याची वाट अडविली नाहीं. त्यांच्या पथकांतून बाहेर पडून नांवारूपास आलेल्यांची संख्या लहान नाहीं. म्हणून त्यांचें पथक ही एक पाठशाळाच होती, असें म्हणतां येईल. ते नवखे असतां शिकागोंतील ज्येष्ठ गायक बिग बिल ब्रून्झी यांनीं त्यांना हात दिला होता. तेंच ऋण ते अशा रीतीनें फेडीत होते.

तथापि सर्वांसच हें गाणें रुचलें असें नाहीं. १९५८ सालीं क्रिस बार्बर यांच्या निमंत्रणावरून मडी वॉटर्स व ओटिस स्पॅन इंग्लंडांत गेले. तेथील रसिकांनीं ब्रून्झी यांचें साध्या गिटारीवरील गायन ऐकलें होतें. ब्लूज म्हणजे शेतांतील म्हाताऱ्याचें शांत गाणें, अशी त्यांची कल्पना होती. विजेच्या गिटारीचा पहिला स्वर उमटतांच कित्येकांनीं कपाळाला आंठ्या घातल्या. वर्तमानपत्रांनीं तिच्या किंकाळ्यांची थट्टा केली. मडी मनांत विस्मित झाले. पुढें पांच वर्षांनीं ते इंग्लंडांत गेले, तेव्हां लोकांच्या आवडीस मान देऊन साधी गिटार घेऊन गेले. पण तोंवर तेथील तरुणांना विजेच्या गिटारीचें वेड लागलें होतें, व ते पुन्हां निराश झाले! दुसऱ्याच्या कल्पनेप्रमाणें आपलें खरेपण बेतूं पाहणाऱ्याची गति बहुधा अशीच होते. मडी वॉटर्स यांनीं तो प्रयत्न फार दिवस केला नाहीं, हेंच त्यांचें शहाणपण.

आतां आपण न्यूपोर्टच्या त्या दुपारीं येऊं. ऱ्होड आयलंड संस्थानांतील न्यूपोर्ट हें समुद्रकांठचें शहर श्रीमंतांच्या उन्हाळी हवेल्यांकरितां प्रसिद्ध आहे. तेथें जॉर्ज वाइन यांनीं १९५४ पासून जॅझ संगीताचा महोत्सव, आणि १९५९ पासून त्याच मैदानांत लोकगीतांचाहि महोत्सव सुरू केला होता. १९६० च्या जॅझ महोत्सवांत रविवार, ३ जुलै, या दिवसाची दुपार ब्लूजसाठीं राखून ठेविली होती. परंतु आदल्या रात्रीं भलताच प्रसंग ओढवला. मैदान भरून गेल्यामुळें हजारों तरुणांना आंत प्रवेश मिळाला नाहीं. त्यांतील कित्येक मद्यानें बेहोष झालेले होते. त्यांनीं पोलिसांवर बाटल्या फेंकल्या. पोलिसांनीं अश्रुधूर सोडला. शेवटीं सैनिकांनाहि पाचारण करावें लागलें. हें दंगल करणारे लोक आंतील संगीत ऐकणारे नव्हते. पण शिक्षा झाली ती संगीतालाच. रविवारीं सकाळीं नगरसभेनें उरलेला महोत्सव बंद करण्याचा ठराव केला. दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊं द्यावा, एवढीच सवलत मिळाली.

कल्पना करा, केवढी ती कठीण वेळ! समोर बसलेले श्रोते बहुतेक गोरे, शिकलेले तरुण. शिकागोच्या मद्यगृहांतील आपलीं माणसें तेथें नव्हतीं. शहरांत आदल्या रात्रीच्या दंगलीची चर्चा चाललेली, आणि हा महोत्सव पुन्हां कधीं भरेल कीं नाहीं, याची कोणास खात्री नाहीं. कवि लँग्स्टन ह्यूज हे कार्यक्रमाचे सूत्रधार होते. जॉन ली हूकर व इतर गायकांचें गायन झालें, आणि मडी वॉटर्स आपल्या पथकासह पुढें आले. ओटिस स्पॅन पियानोवर, जेम्स कॉटन हार्मोनिकावर, पॅट हेअर दुसऱ्या गिटारीवर, अँड्र्यू स्टीव्हन्स खर्जाच्या गिटारीवर आणि फ्रान्सिस क्ले तालवाद्यांवर होते.

त्यांनीं घाई केली नाहीं. सुरुवातीचीं गीतें त्यांनीं जणुं शेतांत पाऊल टाकावें तशीं ठाम, सावकाश म्हटलीं. हळुहळू लय वाढत गेली. मग त्यांनीं मोजो नांवाच्या मंतरलेल्या ताइताविषयींचें आपलें प्रसिद्ध गीत आरंभिलें. ते एक ओळ म्हणत आणि पथकांतील साथीदार तिला साद देत. देवळांतील उपासनेंत पुढारी व समुदाय यांचा जो सवाल-जबाब त्यांनीं लहानपणीं ऐकला होता, तोच येथें उघड्या मैदानांत चालला होता. गीत संपलें, तरी टाळ्या थांबेनात. म्हणून तें त्यांनीं पुन्हां आरंभिलें. सत्तेचाळीस वर्षांचा तो धिप्पाड गृहस्थ गातां गातां मंचावर नाचूं लागला. जेम्स कॉटन यांचा हात धरून त्यानें त्यांनाहि नाचविलें. समोरील तरुण जागेवरून उठून नाचूं लागले. आदल्या रात्रीं ज्या गांवांत अश्रुधूर पसरला होता, तेथेंच दुसऱ्या दुपारीं हा आनंद पसरला.

शेवटीं निरोपाची वेळ आली. ह्यूज यांनीं तारेच्या कागदावर तेथल्या तेथें न्यूपोर्टला निरोप देणारें एक ब्लूज-गीत लिहिलें होतें. ओटिस स्पॅन यांनीं तें मंद स्वरांत गाइलें, आणि महोत्सवावर पडदा पडला. चेस कंपनीनें हा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करविला होता. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत त्याची तबकडी प्रसिद्ध झाली. तींत आठ गीतें आहेत, त्यांपैकीं मोजोचें गीत दोनदां. आणि सर्व मिळून जेमतेम अर्ध्या तासाचें गायन. प्रत्यक्ष सभेंतील ब्लूज-गायनाच्या अगदीं पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते. तिच्या वेष्टनावर मडी वॉटर्स यांचें गिटार घेतलेलें चित्र आहे. गंमत अशी कीं, ती गिटार त्यांची नसून जॉन ली हूकर यांची आहे!

या लहानशा तबकडीचें महत्त्व काय? १९४१ सालच्या तबकडीवर एक शेतकरी एकटा गातो, आणि ती ऐकणारे विद्वान् त्यास भूतकाळाचा साक्षी समजतात. १९६० च्या तबकडीवर तोच मनुष्य, त्याच परंपरेंतील गाणें, सहा जणांच्या पथकासह, विजेच्या बळावर गातो, आणि ऐकणारे तरुण त्यांत आपला वर्तमानकाळ ओळखतात. मधल्या एकोणीस वर्षांत गाण्याचा प्राण गेला नव्हता. त्याचें बिऱ्हाड तेवढें बदललें होतें. हें सर्वांस एकदम पटलें नाहीं. १९६५ सालीं न्यूपोर्टच्याच लोकगीत-महोत्सवांत शिकागोचे पॉल बटरफील्ड व त्यांचे साथीदार विजेचीं वाद्यें घेऊन आले. बटरफील्ड हे मडी वॉटर्स यांचें गाणें ऐकत तयार झालेले तरुण. त्यांची ओळख करून देतांना ज्यांनीं उघड शंका दाखविली, ते गृहस्थ ॲलन लोमॅक्स होत. ज्यांनीं मडी यांना प्रथम शोधून काढलें, त्यांनाच त्यांच्या गाण्याची वाढ ओळखतां आली नाहीं. लोमॅक्स यांचे उपकार यामुळें कमी होत नाहींत. परंतु एखाद्या वस्तूवर प्रेम करणें व तिला वाढूं देणें, या दोन गोष्टी नेहमीं एकत्र नांदतातच असें नाहीं, हें यावरून दिसून येतें.

पुढें मडी वॉटर्स यांची कीर्ति समुद्रापार पसरली. इंग्लंडांतील रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध पथकानें आपलें नांवच त्यांच्या १९५० सालच्या एका गीतावरून घेतलें. परंतु कीर्ति व सुख हीं नेहमीं हातांत हात घालून येत नाहींत. १९६९ सालीं मोटारीच्या भयंकर अपघातांत तीन माणसें दगावलीं, आणि मडी यांचीं हाडें मोडून ते दीर्घकाळ अंथरुणास खिळले; त्यानंतर ते बहुधा बसूनच वाजवीत. आपल्याच गीतांच्या उत्पन्नाचा योग्य वांटा मिळावा म्हणून १९७६ सालीं त्यांना व विली डिक्सन यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, व त्यांत तडजोड झाली. मळेवाल्याच्या वहींतील हिशेबाशीं ज्याचें बालपण जखडलें होतें, त्यास उतारवयांतहि हिशेब मागावाच लागला. १९७२ सालीं त्यांना पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि असे एकूण सहा त्यांना मिळाले. १९७७ सालीं, चौसष्टाव्या वर्षीं, जॉनी विंटर या तरुण शिष्याच्या साह्यानें त्यांनीं जी नवी तबकडी काढली, तींत त्यांचा आवाज पूर्वींइतकाच खणखणीत आहे. १९७८ सालीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यापुढें व्हाइट हाउसमध्यें त्यांचें गायन झालें. ३० एप्रिल १९८३ रोजीं, शिकागोजवळील वेस्टमाँट येथील आपल्या घरीं, ते झोंपेंतच निवर्तले.

शिकागोच्या त्रेचाळिसाव्या रस्त्याच्या एका भागास त्यांचें नांव देण्यांत आलें आहे. स्टोव्हलच्या मळ्यावरील ज्या लांकडी घरांत त्यांनीं लोमॅक्स यांच्यापुढें गाइलें, त्याचे उरलेले ओंडके आतां क्लार्क्सडेल येथील संग्रहालयांत जपून ठेविले आहेत. घर संग्रहालयांत ठेवतां येतें. गाणें तेथें राहत नाहीं. तें केव्हांच आगगाडींत बसून निघून गेलें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कित्येकांना पुढें विद्येसाठीं वा उदरनिर्वाहासाठीं आपलें गांव सोडावें लागेल. त्या वेळीं घरची भाषा, घरचें गाणें, आजीनें लाविलेलें वळण, हें सर्व मागें टाकावें लागेल, किंवा तें जसेंच्या तसें पेटींत बंद करून ठेवावें लागेल, असे दोनच मार्ग आहेत, असें समजूं नका. मडी वॉटर्स यांनीं तिसरा मार्ग दाखविला आहे. त्यांनीं चिखलावरून पडलेलें आपलें नांव टाकलें नाहीं, आणि नवीन यंत्राचा विटाळहि मानला नाहीं. जुन्या तारेंतून त्यांनीं नवी वीज वाहूं दिली. असें करणाऱ्याचें गांव त्याला कधींच पारखें होत नाहीं. तो जेथें जाईल तेथें तें त्याच्याबरोबर येतें.